रॉजर एल्स यांची वीस वर्षांची सत्ता पंधरा दिवसांत कशी संपली?

सायंवार्ता (धागाकर्ता)

अमेरिकेतील फॉक्स न्यूज ही वृत्तवाहिनी उभी करणारे रॉजर एल्स यांच्या कारकिर्दीविषयी आणि तिच्या शेवटाविषयी बरेच वाचून झाले, तरी एक गाठ सुटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. वाहिनीचे मालक रूपर्ट मर्डॉक यांनी १९९६ च्या सुरुवातीला एल्स यांना नेमले, त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला वाहिनी सुरू झाली आणि २००२ मध्ये तिने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकले. ते स्थान पुढे टिकले, वाहिनीचा वार्षिक नफा एक अब्ज डॉलरच्या वर गेल्याचे सांगितले जाऊ लागले आणि रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी हवी असलेल्या कोणालाही एल्स यांची मर्जी सांभाळल्याशिवाय पुढे जाणे अवघड झाले. अशा माणसाविरुद्ध ६ जुलै २०१६ रोजी ग्रेचेन कार्लसन या निवेदिकेने न्यू जर्सीतील न्यायालयात दावा दाखल केला. एल्स यांनी लैंगिक छळ केला आणि नकाराचा सूड म्हणून आपल्याला आधी सकाळच्या लोकप्रिय कार्यक्रमातून हलवले व शेवटी नोकरीतून काढले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा करार दोनच आठवड्यांपूर्वी, २३ जूनला, संपला होता आणि तो पुढे वाढवण्यात आला नव्हता. एल्स यांनी सगळे आरोप फेटाळले, वाहिनीवरचे अनेक परिचित चेहरे त्यांच्या बाजूने जाहीरपणे बोलले, आणि तरीही २१ जुलै रोजी त्यांचा राजीनामा आला.

या पंधरा दिवसांपेक्षा मला त्याआधीची वर्षे अधिक कोड्यात टाकतात. कंपनीतील एका महिलेशी २०११ मध्ये ३१ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली होती, हे पुढे बाहेर आले. एवढी रक्कम कोणाच्या तरी सहीशिवाय तिजोरीतून जात नाही. म्हणजे प्रमुखाच्या वागण्याची कुणकुण निदान काही जणांना तेव्हाच होती. मग २०११ मध्ये जे झाले नाही ते २०१६ मध्ये कशामुळे झाले? आणि दुसरा प्रश्न असा की, कार्लसन यांनी दाव्यात कंपनीला प्रतिवादी केलेच नाही, एकट्या एल्स यांना केले, याचे कारण काय? पैसा तर कंपनीकडे होता.

फॉक्सच्या राजकारणावर येथे वाद होऊ नये अशी विनंती आहे. त्यासाठी इतर धागे पुष्कळ आहेत.


हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि नोकरीच्या करारांचे मसुदे तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे. मी वकील नव्हे, पण हे प्रकरण इकडे आम्ही सर्वांनी बारकाईने पाहिले होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच दडलेले आहे.

अमेरिकेतील मोठ्या खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या करारात एक कलम सर्रास आढळते. नोकरीतून उद्भवणारा कोणताही वाद न्यायालयात न नेता लवादापुढे न्यायचा, असे त्यात लिहिलेले असते. लवादाची सुनावणी बंद दाराआड होते, तेथे ज्यूरी नसते, निकालाविरुद्ध दाद मागण्याची वाट अतिशय अरुंद असते, आणि कार्लसन यांच्या करारात तर त्या कार्यवाहीविषयी बाहेर काही न बोलण्याची अटही होती. नोकरी लागण्याच्या आनंदात माणूस अशा कलमावर सही करतो आणि पुढे कधी तक्रार करण्याची वेळ आलीच, तर तिची सार्वजनिक नोंद कोठेही राहणार नाही याची तजवीज त्याच दिवशी झालेली असते. दहा जणींनी दहा वेळा तक्रार केली, तरी अकरावीला आधीच्या दहांचा पत्ता लागत नाही. एल्स यांच्या दीर्घ सत्तेमागे जी काही कारणे असतील, त्यांत हे कलम मी सर्वांत वर ठेवीन.

कार्लसन यांचा करार फॉक्स न्यूजशी होता. त्यामुळे कंपनीवर दावा केला असता तर तो थेट लवादापुढे गेला असता आणि आज हा धागाही निघाला नसता. त्यांच्या वकिलांनी म्हणूनच एल्स यांना व्यक्तिशः प्रतिवादी केले, कारण व्यक्ती म्हणून एल्स त्या करारातील पक्षकार नव्हते. आता यात एक अडचण होती. नोकरीतील भेदभावाविरुद्धचा जो मुख्य केंद्रीय कायदा आहे, म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण, त्याखाली मालक कंपनीवर दावा लावता येतो, वरिष्ठावर व्यक्तिशः लावता येत नाही. न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा मानवी हक्क कायदा मात्र वरिष्ठाला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू देतो. दावा त्या शहरी कायद्याखाली लावला गेला, आणि तो दाखल झाला न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत, जेथे क्रेसकिल या गावी एल्स यांचे एक घर होते. इतका विचारपूर्वक बांधलेला दावा क्वचितच पाहायला मिळतो. एल्स यांच्या वकिलांनी तत्काळ, हा वाद लवादाचाच आहे, असा पवित्रा घेऊन प्रकरण केंद्रीय न्यायालयात नेले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही, कारण कंपनीचा प्रमुख या नात्याने केलेल्या कृत्यांना कंपनीच्या कराराचे संरक्षण मिळावे असा युक्तिवाद न्यायालयांनी काही वेळा मान्य केलेला आहे. येथे त्या मुद्द्यावर निकाल होण्यापूर्वीच तडजोड झाली.

परंतु तोपर्यंत तक्रारीचा मसुदा सार्वजनिक कागद झाला होता आणि पहिल्याच दिवशी तो देशभर वाचला गेला. त्यानंतर काही दिवसांत इतर स्त्रिया बोलू लागल्या, आणि त्यांतील काहींचे अनुभव तर १९६० च्या दशकातले, एल्स दूरदर्शन-निर्माता होते तेव्हाचे होते. लवादाने आजवर जे होऊ दिले नव्हते, ते एका उघड कागदाने झाले.

आणखी एक गोष्ट. कार्लसन यांनी एल्स यांच्याशी झालेली संभाषणे दीर्घकाळ गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, असे वृत्त त्या वर्षी प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यात संभाषणातील एका व्यक्तीची संमती असली की असे मुद्रण कायदेशीर ठरते, आणि ती एक व्यक्ती स्वतः मुद्रण करणारीही असू शकते. ६ सप्टेंबर २०१६ रोजी ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स या मूळ कंपनीने कार्लसन यांना दोन कोटी डॉलर दिल्याचे वृत्त आले आणि त्यासोबत कंपनीने जाहीर माफीही मागितली. रक्कम मोठी आहे, पण माझ्या मते माफी अधिक दुर्मीळ होती. अशा तडजोडींच्या मसुद्यात बहुधा पहिले वाक्यच ‘कोणतीही चूक मान्य न करता’ असे असते.


पडद्यामागे

मी मराठी वृत्तवाहिनीच्या निर्मिती विभागात बरीच वर्षे काम केले आहे. वरचा प्रतिसाद कायद्याच्या बाजूने पूर्ण आहे, पण एल्स यांचे मूळ काम काय होते हे पाहिल्याशिवाय वीस वर्षांचे मौन समजणार नाही, असे मला वाटते.

ओहायो राज्यातील वॉरन या कारखान्यांच्या गावी १९४० मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून रक्त न गोठण्याचा, म्हणजे हिमोफिलियाचा विकार होता. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर ते क्लीव्हलंडमधील माइक डग्लस यांच्या गप्पांच्या कार्यक्रमात अगदी खालच्या पदावर लागले आणि पंचविशी ओलांडून थोडाच काळ झाला असताना त्याच कार्यक्रमाचे कार्यकारी निर्माते झाले. तोवर तो कार्यक्रम फिलाडेल्फियाला गेला होता. तेथेच १९६७ मध्ये त्यांची रिचर्ड निक्सन यांच्याशी गाठ पडली. दूरदर्शन ही एक क्लृप्ती आहे, अशी निक्सन यांची समजूत होती, आणि १९६० च्या निवडणुकीत केनेडींसमोर घाम पुसणारे निक्सन देशाने पाहिलेले होते. एल्स यांनी त्यांना ठणकावले की, हे माध्यम तुम्ही गांभीर्याने घेतले नाही तर पुन्हा हराल. पुढच्याच वर्षी निक्सन यांच्या प्रचारात एल्स होते. मधोमध उभा असलेला उमेदवार, भोवती निवडक नागरिक, मुक्तपणे विचारल्यासारखे भासणारे प्रश्न आणि प्रत्यक्षात काटेकोर आखलेली चौकट, असे ते कार्यक्रम होते. १९८४ मध्ये रेगन पहिल्या वादचर्चेत अडखळले तेव्हा दुसरीच्या तयारीसाठी एल्स यांना बोलावले गेले, आणि १९८८ मध्ये थोरल्या बुश यांच्या प्रचारातही त्यांचा मोठा वाटा होता.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, वृत्तवाहिनीच्या प्रमुखपदी ते पत्रकारितेतून आले नव्हते. माणूस पडद्यावर कसा दिसावा, कोणत्या क्षणी कोठे पाहावे, कोणत्या रंगात बसावे, हे ठरवणारा तो कारागीर होता. १९९३ मध्ये एनबीसी या दूरदर्शन कंपनीने त्यांच्याकडे सीएनबीसी ही अर्थविषयक वाहिनी सोपवली तेव्हाही त्यांनी तेच केले आणि फॉक्सवर तर त्यांना पूर्ण मोकळीक होती. सकाळच्या कार्यक्रमात स्त्रियांना विजार घालण्याची मुभा नव्हती, असे कार्लसन यांनी २०१३ मध्येच एका रेडिओ कार्यक्रमात हसत-हसत सांगितले होते. निवेदिकांच्या समोरची मेजे पाय झाकणार नाहीत अशी ठेवली जात, हेही पुढे अनेकींनी सांगितले. आता विचार करा, जेथे पोशाख, केस, मेज, कॅमेऱ्याचा कोन यांविषयी वरिष्ठाने बोलणे हा रोजच्या कामाचा भाग आहे, तेथे त्या बोलण्याने कामाची हद्द नेमकी कोठे ओलांडली हे पहिल्या वेळी त्या निवेदिकेलाच धड सांगता येत नाही, मग ती मनुष्यबळ विभागाला काय सांगणार? आणि तो विभाग ज्याच्या हाताखाली काम करतो, तोच तिला पडद्यावर ठेवणारा किंवा उतरवणारा आहे.

या व्यवसायातील करार दोन-तीन वर्षांचे असतात आणि ‘प्रेक्षकसंख्या घसरली’ हे कारण कधीही पुढे करता येते. कार्लसन यांच्याबाबत फॉक्सने नेमके हेच कारण दिले होते. मी ज्या ठिकाणी काम केले तेथील एका निवेदिकेला रात्रीच्या बातम्यांवरून पहाटेच्या बातम्यांवर हलवले गेले, तेव्हा आम्हा सर्वांना खरे कारण ठाऊक होते आणि कागदावर मात्र प्रेक्षकसंख्येचा तक्ता होता. तक्ता खोटा नव्हता, हे विशेष.


अर्थाअर्थी

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी ‘२०११ मध्ये नाही आणि २०१६ मध्ये का’ या मूळ प्रश्नाला ते पूर्ण भिडत नाहीत. त्याचे उत्तर मर्डॉक यांच्या घरात आहे.

एल्स यांचे सगळे बळ एका नात्यावर उभे होते, ते म्हणजे थोरल्या मर्डॉक यांच्याशी असलेले थेट नाते. सुरुवातीला केबलचालक नवी वाहिनी दाखवायला तयार नव्हते, तेव्हा रीत उलटी करून मर्डॉक यांनीच त्यांना प्रत्येक ग्राहकामागे सुमारे दहा डॉलर मोजले होते. न्यूयॉर्क शहरात टाइम वॉर्नर केबलने जागा नाकारली, तर महापौर रूडी जुलियानी फॉक्सच्या बाजूने उतरले, आणि या जुलियानींच्या १९८९ च्या निवडणुकीत एल्स सल्लागार होते. अशा माणसाला हात लावण्याची इच्छा मर्डॉक यांना असण्याचे कारण नव्हते. जून २०१५ मध्ये मात्र कंपनीचा कारभार जेम्स आणि लॅकलन या दोन मुलांकडे जाणार हे जाहीर झाले. एल्स यांनी स्वतःच्या समूहातील वाहिनीला सांगितले की, आपण पूर्वीप्रमाणे रूपर्ट यांनाच उत्तरदायी राहू. काही दिवसांतच कंपनीला खुलासा करावा लागला की, ते दोन्ही मुलांना उत्तरदायी असतील. मुलांशी, विशेषतः जेम्स यांच्याशी, त्यांचे फारसे जमत नव्हते हे सर्वांना माहीत होते.

त्यामुळे कार्लसन यांचा दावा आला त्याच दिवशी मूळ कंपनीने अंतर्गत चौकशी जाहीर केली आणि पॉल, वाइस ही बाहेरची वकिली संस्था त्यासाठी नेमली गेली. फॉक्स न्यूजच्या आतल्या यंत्रणेकडे हे काम गेले असते तर निष्कर्ष काय निघाला असता, याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. मग वाहिनीवरील सर्वांत मोठ्या निवेदिका मेगन केली यांनीही चौकशी करणाऱ्यांना सांगितले की, सुमारे दहा वर्षांपूर्वी एल्स यांनी आपल्याशी तसेच वर्तन केले होते. ही बातमी बाहेर आली आणि दोन दिवसांत सगळे संपले. त्याच संध्याकाळी क्लीव्हलंडमध्ये डोनाल्ड ट्रम्प पक्षाची उमेदवारी स्वीकारत होते. एल्स यांच्या कारकिर्दीची सुरुवात झालेले शहर तेच, हा योगायोग असला तरी त्या वेळी अनेकांच्या नजरेतून सुटला नाही.

आता ‘पतन’ या शब्दाच्या आत किती पैसे होते तेही पाहावे. करारानुसार त्यांना सुमारे चार कोटी डॉलर मिळाल्याचे वृत्त होते, म्हणजे कार्लसन यांच्या दुप्पट. रूपर्ट मर्डॉक यांच्या निवेदनात एल्स यांच्या कंपनीवरील आणि देशावरील उपकारांचे वर्णन होते आणि आरोपांचा उल्लेखही नव्हता. ऑगस्टमध्ये एल्स ट्रम्प यांना वादचर्चेच्या तयारीत मदत करत होते. त्यांच्या जागी जे दोन सहअध्यक्ष आले त्यांतील बिल शाइन हे एल्स यांच्या आतल्या वर्तुळातलेच होते. मे २०१७ मध्ये तेही गेले आणि पुढच्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये दिसले. वाहिनीचे लोकप्रिय निवेदक बिल ओरायली यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी तर एल्स यांच्या जाण्यानंतरही मिटवल्या जात होत्या. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पाच तडजोडींचा एक कोटी तीस लाख डॉलरचा हिशेब छापला, पन्नासहून अधिक जाहिरातदारांनी कार्यक्रमातून जाहिराती काढल्या, आणि तेव्हा कोठे ते गेले. भागधारकांनी लावलेला दावा नोव्हेंबर २०१७ मध्ये नऊ कोटी डॉलरवर मिटला आणि ती रक्कम विमा कंपन्यांनी भरली. बाकी हिशेब ज्याचा त्याने मांडावा.


मध्यस्थ

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक गोष्ट कोणीच नोंदवलेली नाही. रॉजर एल्स यांच्यावरील एकही आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. १८ मे २०१७ रोजी पाम बीच येथे, घरात पडून डोक्याला मार लागल्याने, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मजात विकारामुळे तो मार अधिक घातक ठरला. शेवटपर्यंत त्यांनी सर्व आरोप नाकारले होते. कंपनीने नेमलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. वीस-पंचवीस स्त्रिया एकाच वेळी खोटे बोलतील असे मीही म्हणत नाही, पण ज्याची बाजू कधी तपासलीच गेली नाही त्याच्याविषयी आपण निकालपत्र लिहिल्यासारखे लिहू नये, एवढेच सुचवतो.


सायंवार्ता (धागाकर्ता)

मध्यस्थ यांचा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. प्रकरण न्यायालयात तपासले जाऊ नये यासाठी प्रयत्न कोणी केला, हे हडसनकाठ यांनी वर लिहिलेच आहे. उघड सुनावणी टाळून प्रकरण लवादाकडे नेण्याचा आग्रह एल्स यांच्याच वकिलांचा होता.

भारतात अशी लवादाची पळवाट आहे का? आणि तक्रार थेट प्रमुखाविरुद्धच असेल तर ती ऐकायची कोणी? आपल्याकडच्या कायद्याखाली काम केलेले कोणी येथे असल्यास कृपया लिहावे.


समितीबाहेरची

पुण्यातील काही आस्थापनांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांच्या आधारे झालेला २०१३ चा कायदा त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरपासून लागू झाला. योगायोगाने तेव्हा गोव्यातील एका प्रकरणाची देशभर चर्चा सुरू होती. तहलका या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक तरुण तेजपाल यांच्याविरुद्ध त्यांच्या कनिष्ठ सहकारी महिलेने तक्रार केली होती आणि त्यांनी सुरुवातीला सहा महिने पदापासून दूर राहण्याचे स्वतःच जाहीर केले होते. तेथे गोव्याच्या पोलिसांनी गुन्हा नोंदवला, खटला चालला, आणि मे २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयाने तेजपाल यांची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालाविरुद्ध गोवा सरकार उच्च न्यायालयात गेले. हे सांगण्याचा उद्देश इतकाच की, आपल्याकडे असे प्रकरण फौजदारी न्यायालयात जाऊ शकते आणि अमेरिकेतील एल्स प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिवाणी, म्हणजे भरपाईचे, राहिले. दोन्ही वाटांचे भोग वेगवेगळे आहेत. खटल्यात तक्रारदार महिलेच्या वर्तनाचीच किती चिरफाड होते, हे त्या निकालपत्रावर झालेल्या टीकेवरून समजते.

आता तुमचा प्रश्न. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असली पाहिजे, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. करारात लवादाचे कलम घालून ही कायदेशीर यंत्रणा बाजूला सारता येत नाही. फॉक्सच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कलम दहा. तक्रारदार महिलेची इच्छा असेल तर चौकशीपूर्वी समेट करता येतो, परंतु पैशांची देवाणघेवाण हा त्या समेटाचा आधार होऊ शकत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. २०११ च्या त्या तडजोडीसारखी गोष्ट समितीमार्फत होणे आपल्याकडे बेकायदा ठरेल. समितीला टाळून, राजीनाम्याच्या बदल्यात, ‘सेटलमेंट’ या गोड नावाखाली ती होते का, यावर मी येथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

प्रमुखाविरुद्ध तक्रार असेल तर कलम सहा आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते, आणि ‘मालक’ या शब्दाच्या कायद्यातील व्याख्येत कामाच्या ठिकाणचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्या हाती आहे ती व्यक्तीही येते. म्हणजे समभाग दुसऱ्याचे असले तरी संपादक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी त्या व्याख्येत बसू शकतो. एल्स यांच्यासारख्या पगारी पण सर्वसत्ताधीश प्रमुखासाठी ही तरतूद नेमकी लागू पडते. अडचण अशी की, स्थानिक समितीचा पत्ता सापडणे हेच अनेक जिल्ह्यांत पहिले काम होऊन बसते.

दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तक्रार तीन महिन्यांत करावी लागते आणि समितीला सबळ कारण वाटले तर आणखी तीन महिने मिळतात. मेगन केली यांनी दहा वर्षांपूर्वीचा जो अनुभव सांगितला, तो येथे समितीला ऐकताच आला नसता. आणि कलम सोळा चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई करते. हेतू तक्रारदाराचे नाव झाकण्याचा आहे, पण ‘पडद्यामागे’ यांनी वर्णन केलेल्या ठिकाणी ते झाकण नेहमीच तिच्यावरच पडते असे नाही. त्याच्या आडून प्रतिवादीही सुखरूप राहतो आणि पुढच्या वाहिनीत वरच्या पदावर रुजू होतो.


हडसनकाठ

समितीबाहेरची यांनी पैशांच्या समेटाविषयी जे लिहिले ते मला नवे होते. इकडे असा निर्बंध घालण्याची कल्पनाही कोणी मांडणार नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तक्रारदार बायकांच्या वकिलांनाही तो नको असेल, कारण नोकरी आणि व्यवसाय दोन्ही गेलेल्या स्त्रीच्या हाती शेवटी ती रक्कमच उरते.

सायंवार्ता यांनी व्यक्तिगत निरोपात विचारले की, त्या लवादाच्या कलमाचे पुढे काय झाले. ते येथेच लिहितो, सर्वांच्या उपयोगी पडेल. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने फॉक्स न्यूजला दहा लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि त्या शहराच्या कायद्याखालील तक्रारींसाठी सक्तीचा लवाद चार वर्षे बाजूला ठेवण्याचे कंपनीने मान्य केले. कार्लसन तोवर अमेरिकी संसदेत या कलमाविरुद्ध पाठपुरावा करत होत्या. ३ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानुसार लैंगिक छळाच्या किंवा अत्याचाराच्या तक्रारीत लवाद की न्यायालय हे तक्रारदाराने ठरवायचे असते, करारात आधी काहीही लिहिलेले असो. विधेयकाला दोन्ही पक्षांची मते मिळाली, आणि आजच्या वॉशिंग्टनमध्ये ही बाब स्वतंत्र धाग्याच्या लायकीची आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरा कायदा झाला, तो मौनाच्या करारांविषयी. वाद उद्भवण्यापूर्वी, म्हणजे नोकरीत शिरताना, जो गोपनीयतेचा करार सही करून घेतलेला असतो, तो अशा तक्रारींत यापुढे न्यायालयात टिकत नाही. वाद उद्भवल्यानंतर, तडजोडीच्या वेळी, केलेल्या करारांना तो कायदा लागू नाही. कार्लसन यांचा २०१६ चा करार त्या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्यामुळे हे दोन्ही कायदे व्हावेत म्हणून जाहीरपणे झटलेल्या कार्लसन यांना स्वतःच्या प्रकरणाचा तपशील सांगण्याची मोकळीक त्यांतील एकाही कायद्याने मिळालेली नाही.